नुक्त्याएवढे विष

हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांविषयीच्या बातम्या अलीकडे मराठी आणि उर्दू वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायला मिळतात. प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी, पुरुषांची घटलेली शुक्राणूसंख्या, मुलींचे लवकर वयात येणे, असे त्यांचे विषय असतात. बातमीत ‘नव्या संशोधनानुसार’ हे शब्द हमखास असतात. त्यामुळे हा सगळा प्रकार कालपरवाच उघडकीस आला, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात प्लास्टिकमधल्या सर्वाधिक गाजलेल्या रसायनाचा हार्मोनसारखा परिणाम १९३६ मध्येच नोंदवला गेला होता. तेव्हा आपल्याकडे कोणी प्लास्टिकची बाटली पाहिलीही नव्हती.

मग मधली ऐंशी-नव्वद वर्षे काय झाले? हा प्रश्न विज्ञानाइतकाच इतिहासाचा आहे. कोणाला कधी कळले, कोणी आधी विचारले, कोणी ऐकले नाही आणि किंमत कोणी मोजली, हे पाहिले की आजच्या बातम्याही वेगळ्या दिसू लागतात.

मी विज्ञान शिकवत नाही. वर्गात उर्दू आणि मराठी शिकवते. या विषयाकडे वळले ते शाळेतल्या पालकसभांमुळे. गेल्या काही वर्षांत चौथी-पाचवीतल्या मुलींच्या आया सभा संपली की मागे थांबतात आणि दबक्या आवाजात विचारतात, “मॅडम, इतनी छोटी उमर में? हमारे वखत में तो ऐसा नहीं था.” कोणी म्हणते खाण्यातून होत असेल, कोणी दुधाला दोष देते, कोणी मोबाइलला. एकीच्या मुलीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आयांचे निरीक्षण अगदीच निराधार नाही. जगभरातील अभ्यास एकत्र करून डॅनिश संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की १९७७ ते २०१३ या काळात मुलींमध्ये स्तनांची वाढ सुरू होण्याचे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी खाली आले आहे. यामागे बदललेला आहार आणि लठ्ठपणा ही कारणे आहेतच; रसायनांवरही संशय आहे. तो संशय कुठून आला, हे समजून घेण्यासाठी मी वाचू लागले.

थेंब कुठे पडला?

‘हार्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये लंडनच्या एका व्याख्यानमालेत वापरला आणि तो रूढ झाला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चालना देणे असा आहे. मराठीत आपण ‘संप्रेरक’ म्हणतो. थायरॉइड, स्वादुपिंड, अंडाशय, वृषण अशा ग्रंथी ही संप्रेरके रक्तात सोडतात. ती शरीरभर फिरतात, पण ज्या पेशींत त्यांना ओळखणारे ग्राहक-रेणू असतात तिथेच काम करतात. कुलूप आणि किल्लीसारखे हे नाते असते. वाढ, भूक, झोप, मासिक पाळी, गर्भधारणा, मेंदूची घडण, सगळे या किल्ल्यांवर चालते.

या किल्ल्या अतिशय कमी प्रमाणात लागतात. रक्तातील इस्ट्रोजेन मोजायचे तर पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. काही कृत्रिम रसायनांचा आकार योगायोगाने या किल्लीसारखा असतो. ती कुलपात बसतात. कधी नको तेव्हा कुलूप उघडतात, कधी नुसतीच अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला आत शिरू देत नाहीत. काही रसायने हार्मोन तयार होण्यातच अडथळा आणतात.

विषशास्त्राचा जुना नियम असा की विष मात्रेवर ठरते. सोळाव्या शतकातील पॅरासेल्ससपासून तो चालत आला आहे. प्रयोगशाळेतल्या तपासण्याही त्यावरच बेतलेल्या असतात. प्राण्याला मोठी मात्रा द्यायची, अपाय दिसेनासा होईपर्यंत ती कमी करत जायची आणि मिळालेल्या आकड्याला शंभराने वगैरे भागून माणसासाठी ‘सुरक्षित’ मर्यादा ठरवायची. हार्मोनच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो.

का अपुरा पडतो, हे उर्दू शिकवणाऱ्याला चटकन समजते. ‘दुआ’ लिहिताना ऐन या अक्षरावर एक नुक्ता पडला की त्याचा गैन होतो आणि ‘दुआ’चा ‘दगा’ होतो. तसेच एकाच अंगाच्या अक्षराला नुक्ता पोटात दिला तर ‘जुदा’ होते आणि डोक्यावर दिला तर ‘खुदा’. शाई किती सांडली याला इथे महत्त्व नाही. ती कुठे आणि कोणत्या वेळी सांडली यावर सगळा अर्थ अवलंबून आहे. गर्भातल्या बाळाचे अवयव ठरावीक आठवड्यांत घडतात. त्या आठवड्यांत चुकीचा संदेश पोचला तर मोठ्या माणसाला जाणवणारही नाही अशी मात्रा बाळाच्या शरीरात कायमची नोंद करून जाते. ती वाचली जाते पंधरा-वीस वर्षांनी.

लंडनची गोळी, बोस्टनची आई

याचा पहिला मोठा पुरावा एका औषधाने दिला. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलशी जोडलेल्या प्रयोगशाळेत चार्ल्स डॉड्स हे जीवरसायनशास्त्रज्ञ स्वस्तातले कृत्रिम इस्ट्रोजेन शोधत होते. नैसर्गिक इस्ट्रोजेन मिळवणे तेव्हा महाग आणि किचकट होते. डॉड्स आणि त्यांचे सहकारी अंडाशय काढलेल्या उंदरांवर एकामागून एक रसायने तपासत होते. १९३६ मध्ये त्यांनी ज्या रसायनांत इस्ट्रोजेनचा गुण आढळला म्हणून सांगितले, त्यांत बिस्फेनॉल-ए होते. पण त्याचा प्रभाव सौम्य होता. १९३८ मध्ये त्यांना त्याहून कितीतरी जोरकस रसायन सापडले. त्याचे नाव डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजेच डीईएस.

डीईएस बनवायला स्वस्त होते, तोंडावाटे घेता येत होते आणि त्यावर कोणाचे पेटंटही नव्हते. त्यामुळे अनेक कंपन्या पुढे आल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९४१ मध्ये त्याला परवानगी दिली. १९४७ मध्ये गर्भ पडू नये म्हणून गरोदर बायकांना ते देण्यासही मान्यता मिळाली. ‘निरोगी बाळा’ची हमी म्हणून त्याची जाहिरात झाली.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात विल्यम डीकमन यांच्या गटाने सुमारे १,६०० गरोदर स्त्रियांवर नीट तपासणी केली. निम्म्या स्त्रियांना डीईएस दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निष्कर्ष स्वच्छ होता: गर्भ टिकवण्यात डीईएसचा काहीही उपयोग होत नाही. म्हणजे १९५३ पासून हे औषध निदान निरुपयोगी आहे, हे छापील स्वरूपात उपलब्ध होते. तरीही ते आणखी अठरा वर्षे गरोदर बायकांना लिहून दिले जात राहिले.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कोवळ्या मुली एका विचित्र आजाराने येऊ लागल्या. योनिमार्गाचा एक विशिष्ट कर्करोग त्यांना झाला होता. या वयात हा आजार जवळजवळ ऐकिवातही नव्हता. डॉक्टर गोंधळले. तेव्हा एका रुग्ण मुलीच्या आईने विचारले, “मी हिच्या वेळी गरोदर असताना स्टिलबेस्ट्रॉल घेतले होते. त्याचा तर काही संबंध नसेल?”

आर्थर हर्बस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. ८ रुग्णांच्या आया आणि तुलनेसाठी ३२ निरोगी मुलींच्या आया यांची माहिती त्यांनी गोळा केली. ८ पैकी ७ रुग्णांच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. ३२ पैकी एकीनेही घेतले नव्हते. एप्रिल १९७१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी प्रशासनाने गरोदरपणात हे औषध देऊ नये असे कळवले. तोवर आया आणि त्यांची मुले मिळून पन्नास लाख ते एक कोटी अमेरिकी लोकांपर्यंत ते पोचले होते, असा अंदाज आहे.

कर्करोग झाला तो अशा मुलींपैकी हजारात एखादीला. पण वंध्यत्व, गर्भाशयाच्या रचनेतील दोष, वेळेआधी प्रसूती हे त्रास कितीतरी जणींना भोगावे लागले. २०१८ मध्ये अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्या आजीने डीईएस घेतले होते त्या नातवंडांमध्ये एकाग्रतेचा विकार, म्हणजे एडीएचडी, इतरांपेक्षा जास्त आढळला. गोळी आजीने घेतली, नोंद नातवंडांच्या वह्यांत निघाली.

या प्रकरणातून कायमचा शिकण्यासारखा मुद्दा हा की गोळी घेणारी आई ठणठणीत होती. अपाय झाला तो गर्भाला, आणि तोही दिसला ते मूल तरुण झाल्यावर. एवढे अंतर पार करून कारण आणि परिणाम जोडणारी व्यक्ती होती एक आई.

उंदरांच्या पिंजऱ्यातले सत्य

डॉड्स यांनी बाजूला ठेवलेले बिस्फेनॉल-ए औषध झाले नाही, पण वाया गेले नाही. १९५०च्या दशकात त्यापासून पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक, न फुटणारे प्लास्टिक तयार झाले. डब्याच्या आतल्या थरासाठी इपॉक्सी राळही त्यातून बनू लागली. दुधाच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार, डबाबंद अन्न, सगळीकडे ते पोचले. हे रसायन इस्ट्रोजेनसारखे वागते ही १९३६ची नोंद ग्रंथालयात पडून होती. औषधवाले ती वाचत होते. बाटल्या बनवणाऱ्यांना ती वाचण्याची सक्ती नव्हती.

पुढचे शोध जवळजवळ अपघातानेच लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन न देताही त्या पेशी भराभर वाढू लागल्या. कसून शोध घेतल्यावर दोष प्लास्टिकच्या नळ्यांचा निघाला. उत्पादकाने नळ्यांत नॉनिलफिनॉल हे रसायन मिसळले होते. १९९३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अरुणा कृष्णन आणि सहकाऱ्यांना असाच अनुभव आला. निर्जंतुक करण्यासाठी तापवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूतून बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरत होते.

१९९८ मध्ये क्लीव्हलँडच्या विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत एका कर्मचाऱ्याने उंदरांचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशी पुसायच्या तीव्र द्रावणाने धुतल्या. प्लास्टिक झिजले. एरवी निरोगी उंदरिणींच्या बीजांडांत गुणसूत्रांची गडबड एक-दोन टक्के दिसायची. ती अचानक चाळीस टक्क्यांवर गेली. हंट यांनी वर्षानुवर्षे पडताळणी करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला की झिजलेल्या प्लास्टिकमधून निघालेले बिस्फेनॉल-ए याला जबाबदार आहे.

हे सुटे धागे ओवण्याचे काम थिओ कोलबोर्न या बाईंनी केले. फार्मसिस्ट म्हणून आयुष्य काढलेल्या कोलबोर्न यांनी ५८व्या वर्षी पीएच.डी. मिळवली. अमेरिकेतील मोठ्या सरोवरांभोवतीच्या पक्ष्यांवरचे शेकडो शोधनिबंध वाचताना त्यांच्या लक्षात आले की मोठे पक्षी वरून धडधाकट आहेत. त्यांची पिल्ले जगत नाहीत किंवा व्यंग घेऊन जन्मतात. डीईएसच्या कहाणीशी हे जुळत होते. जुलै १९९१ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील विंगस्प्रेड येथे २१ शास्त्रज्ञांना एकत्र बसवले. प्राणी, पक्षी, प्रयोगशाळेतील पेशी, डीईएसच्या मुली, अशा वेगवेगळ्या विषयांची ही माणसे एरवी एकमेकांना भेटलीच नसती. ‘एंडोक्राइन डिसरप्टर’, म्हणजे संप्रेरकांच्या कामात बिघाड करणारे रसायन, हा शब्द याच बैठकीतून पुढे आला. आजारांना नाव मिळाले की त्यांची मोजदाद सुरू होते, हे आपल्याला माहीत आहे.

कासरगोडच्या काजूबागा

इथवरची कहाणी लंडन-बोस्टनची. पण फवारणीच्या रूपात ती आपल्या देशातही घडत होती. केरळच्या उत्तर टोकाला कासरगोड जिल्हा आहे. तिथे सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूच्या विस्तीर्ण बागा आहेत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत वर्षातून दोन-तीनदा या बागांवर हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले जाई. बागा डोंगरमाथ्यावर, वस्ती पायथ्याशी. विहिरी आणि ओढे उघडे. औषध वाऱ्याने खाली येत होते, पावसाने झिरपत होते.

पद्रे गावात दवाखाना चालवणारे डॉ. मोहन कुमार यांना काही मोजक्या घरांत मतिमंदत्व, झटके, जन्मजात व्यंग यांचे प्रमाण विलक्षण वाटू लागले. कन्नड शेती-पत्रकार श्री पद्रे लिहू लागले. पेरिया भागात राहणाऱ्या लीलाकुमारी अम्मा शेती खात्यातच नोकरीला होत्या. त्यांनी १९९८ मध्ये कोर्टात जाऊन फवारणीला स्थगिती मिळवली. म्हणजे इथेही प्रश्न विचारणारी माणसे आधी आली, संशोधन संस्था नंतर.

२००१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने गावकऱ्यांचे रक्त, आईचे दूध, पाणी, माती तपासून एन्डोसल्फान आढळल्याचे जाहीर केले. कॉर्पोरेशनच्या बाजूने झालेल्या तपासणीत उलट निष्कर्ष आला. मग राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडे काम गेले. डॉ. हबीबुल्ला सैयद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फवारणीच्या पायथ्याशी असलेल्या गावातली ११७ शाळकरी मुले आणि फवारणी न झालेल्या गावातली ९० मुले यांची तुलना केली. वय १० ते १९. फवारणीच्या गावातील मुलांच्या रक्तात एन्डोसल्फान जास्त होते आणि त्यांचे वयात येणे मागे पडलेले दिसले. टेस्टोस्टेरॉनच्या पातळीतही फरक होता. डिसेंबर २००३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. नमुना लहान असल्याची मर्यादा लेखकांनी स्वतःच नोंदवली होती. उद्योगाच्या बाजूनेही त्यावर आक्षेप घेतले गेले. कासरगोडमधील प्रत्येक आजार एन्डोसल्फानमुळेच झाला का, यावर आजही शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पण एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हा येथे स्टॉकहोम कराराच्या बैठकीत एन्डोसल्फान जगभर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. आधी विरोधात असलेल्या भारताने सवलती मिळाल्यावर ते मान्य केले. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने केरळ सरकारला प्रत्येक पीडिताला ५ लाख रुपये तीन महिन्यांत देण्यास सांगितले. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयासमोर उघड झाले की ३,७०४ पीडितांपैकी फक्त ८ जणांना पैसे मिळाले होते, आणि हे ८ जण म्हणजे पुन्हा कोर्टाचा दरवाजा ठोठावणारे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात कापसावर फवारणी करताना २०हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती विषबाधा वेगळी, तत्काळ मारणारी. तिची मोजदाद झाली, चौकशी समिती बसली, कारण मृतदेह समोर होते. हार्मोनच्या वाटेने येणारा अपाय मृतदेह दाखवत नाही. उशिरा वयात येणारा मुलगा, मूल न होणारे जोडपे, अभ्यासात मागे पडणारी मुलगी, यांची फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदवायची?

आज कुठे आहोत?

मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथे गीता वनगे यांच्या गटाने गाभण उंदरिणींना बिस्फेनॉल-एच्या अगदी छोट्या मात्रा देऊन पाहिले. २००९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की नर पिल्लांची प्रजननक्षमता घटली आणि परिणाम पुढच्या पिढ्यांतही दिसला. भारतात दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरू नये, असे मानक २०१५ मध्ये आले.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली. आधी शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम होती, ती ०.२ नॅनोग्रॅम केली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला ही मर्यादा फार कडक वाटली. तिने सुचवलेली मर्यादा हजारपट मोठी आहे. तरी तीही जुन्या मर्यादेच्या विसाव्या हिश्श्याइतकीच भरते. म्हणजे जुना आकडा फार सैल होता, याबाबत वाद घालणाऱ्या दोघांचेही एकमत आहे. युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल-एवर बंदीही घातली असून ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली.

पुरुषांच्या बाबतीत, हागाई लेव्हिन आणि शॅना स्वान यांच्या गटाने २०२२ मध्ये ५३ देशांतील आकडे एकत्र करून १९७३ ते २०१८ या काळात शुक्राणूंची सरासरी घनता निम्म्याहून खाली आल्याचे मांडले. जुन्या मोजण्यांच्या पद्धतीवरून यावर वाद आहे. घट खरी धरली तरी तिला रसायने किती जबाबदार आणि तंबाखू, लठ्ठपणा, बैठे जीवन किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. म्हणून ‘प्लास्टिकमुळे वंध्यत्व’ असा सरळ मथळा दिसला की मी थांबते. घाबरवणारी बातमी आणि धीर देणारी जाहिरात, दोन्ही एकाच सावधपणाने वाचायला हव्यात.

अशीच एक धीर देणारी जाहिरात म्हणजे बाटलीवरचे ‘बीपीए-मुक्त’ हे लेबल. बिस्फेनॉल-ए काढून अनेकांनी त्याच्या कुळातले बिस्फेनॉल-एस वगैरे वापरले. २०१८ मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत पुन्हा उंदरांच्या आकड्यांत गडबड दिसली. पिंजरे आता वेगळ्या प्लास्टिकचे होते, आणि झिजलेल्या पिंजऱ्यांतून या वेळी पर्यायी बिस्फेनॉल निघाले होते. वीस वर्षांनी तोच अपघात, त्याच संशोधिकेच्या दारात.

सिद्ध कोणी करायचे?

घरापुरते काय करायचे ते फार अवघड नाही. गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमध्ये न भरणे. पार्सलचा चहा आणि सालन यांसाठी घरून स्टीलचा डबा, किटली नेणे. लहान मुलांसाठी काच किंवा स्टील. ओरखडे पडलेली बाटली टाकून देणे. दुकानाच्या आणि एटीएमच्या चकचकीत पावत्या मुलांच्या हातात खेळायला न देणे, कारण अशा कागदावर बिस्फेनॉल असू शकते. गरोदर सून, मुलगी घरात असेल तर ही काळजी दुपटीने.

पण सगळा भार बाईच्या स्वयंपाकघरावर टाकून चालणार नाही. डीईएस घेणाऱ्या आयांनी डॉक्टरांचे ऐकले होते. कासरगोडच्या लोकांनी हेलिकॉप्टर बोलावले नव्हते. आणि धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये किंवा मालेगावच्या गिट्टी कारखान्यांत जुने प्लास्टिक निवडणारे, दळणारे, वितळवणारे हात बहुतांशी आपल्याच गोरगरीब बिरादरीचे आहेत. त्यांना स्टीलची बाटली घ्या म्हणून सांगण्यात काय अर्थ? त्यांच्यासाठी हवेशीर जागा, हातमोजे, नियमित तपासणी आणि तपासणीची नोंद लागते. ती मागायला संघटना, नगरसेवक, डॉक्टर आणि शिकलेल्या मुलांनी पुढे यायला हवे.

युरोपात २००७ मध्ये एक कायदा लागू झाला. रसायन बाजारात आणायचे तर त्याची सुरक्षिततेची माहिती उत्पादकाने आधी द्यायची, नाहीतर विक्री नाही, असे त्याचे सूत्र आहे. त्यात पळवाटा आहेत, पण पुराव्याची जबाबदारी कोणावर, हे त्याने निदान कागदावर बदलले. भारतात अशा सर्वंकष नियमांचा मसुदा चर्चेत आला, कायदा म्हणून तो लागू झालेला नाही. तोवर आपल्याकडे रसायन निर्दोष मानले जाते आणि आजारी माणसाला साक्षीदार आणावे लागतात.

साक्षीदार आणायचे तर निदान नोंद ठेवायला शिकू या. गरोदरपणातल्या औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. कारखान्यात कोणते रसायन वापरतात त्याचे नाव पिंपावरून उतरवून घ्या. वस्तीत एकाच प्रकारचा आजार चार घरांत दिसला तर चारही घरांची नावे, वये, कामे वहीत लिहा आणि सरकारी आरोग्य केंद्रात लेखी द्या. बोस्टनच्या त्या आईला वीस वर्षांपूर्वीच्या गोळीचे नाव आठवत होते, म्हणून डॉक्टरांना दिशा मिळाली.